दुपारची पाहणी

मिस्त्री, तुमची तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी रायफल क्लबचे सेक्रेटरी मोहाडीला माझ्या घरी आले. रविवारी रेंजवर शोकसभा ठेवली आहे, म्हणाले. बाई, तुम्ही दोन शब्द लिहून आणा, तुमचं आणि मिस्त्रींचं चांगलं जमायचं. मी हो म्हटलं. तेव्हापासून शाळा सुटली की कागद पुढ्यात घेऊन बसते. एक ओळ लिहिते आणि खोडते. तुम्ही कुठल्या गावचे, किती वर्षं बंदुका दुरुस्त केल्या, मागे कोण कोण आहे, यातलं काहीच हाताला येत नाही. तुमच्याविषयी बोलायला गेले की दोन वाक्यांत संपतं. तुमच्याशी बोलायचं तर मात्र पुष्कळ आहे, आणि त्यातलं एक दहा वर्षांपासून अडकलेलं आहे. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. सभेत वाचायचं ते हेच वाचीन.

या दिवसांत दुपारी वर्गात मुलं धडा उतरवून घेत असली की मला तुमची खिडकी दिसते. भांड्यांच्या दुकानांमागची ती अरुंद खोली, पितळेवर पडणारी हातोडी दूरवर ऐकू येणारी, आणि उत्तरेची खिडकी. ऊन कधीच आत न येणारी, पण उजेड दिवसभर पाण्यासारखा भरून राहिलेली. तिच्यात आडवा ताणलेला एक काळा धागा. मी जागीच असते, हातात खडू असतो, आणि तरी मी एका लांब चकचकीत नळीतून चालत असते. भोवती उजेडाच्या कड्या, एकीच्या आत एक, आणि पलीकडच्या टोकाला तुम्ही उभे. 'काय दिसते, बाई?' असं विचारता. मी उत्तर देणार तेवढ्यात कोणीतरी पोरगी उभी राहते आणि म्हणते, बाई, फळा पुसू का?

आपली ओळख भांडणानंच झाली, आठवतं का? मी क्रीडाशिक्षिका म्हणून नवीनच लागले होते. कॉलेजात एन.सी.सी.त रायफल हातात आली, ती सुटेना, म्हणून क्लबात नाव घातलं. शनिवारची सकाळची शाळा सुटली की एस.टी.नं भंडाऱ्याला यायचं, रेंजवर आडवं पडून पन्नास मीटरवरच्या कागदाला भोकं पाडायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. क्लबच्या रायफली तुमच्या देखरेखीत. पहिल्याच दिवशी रायफल घ्यायला तुमच्या दुकानात आले, तर तुम्ही मला आपादमस्तक पाहून घेतलं आणि म्हणालात, "म्हंजे तुमी कागद मारता?"

"हो."

"कागद काय धान खाते का कोणाचं?"

तुमच्या दुकानात गावोगावचे शेतकरी आपापल्या बंदुका आणत. रानडुकरं धानात घुसतात त्यांना हुसकायला परवान्यावर मिळालेल्या, गंजलेल्या, तारेनं बांधलेल्या. तुमच्या लेखी ती खरी हत्यारं. माझी म्हणजे श्रीमंतांची थेरं. मी चिडले. मी म्हटलं, मी कोष्ट्याची पोर आहे मिस्त्री, माझा बाप मोहाडीत मागावर बसतो, श्रीमंती तुम्ही कुठं पाहिली? तुम्ही कपाटातून एक सुटी नळी काढली, पुसली आणि माझ्या हातात दिली. "पाहा मंग यातून. धाग्याकडे पाहा."

त्या दिवशी मी पहिल्यांदा बंदुकीच्या नळीत पाहिलं, आणि खरं सांगते, माझा तिथंच घात झाला. एवढ्याशा भोकात एवढा उजेड मावतो हे मला ठाऊक नव्हतं. गोळीला फिरवणारे आतले पीळ हळूहळू वळत दूर जात होते. धाग्याची सावली त्यांच्यावरून बारीक रेघ होऊन धावत होती. आणि कड्या, चांदीच्या, एकीत एक, लहान लहान होत गेलेल्या. मी किती वेळ पाहत राहिले कोण जाणे. मग म्हटलं, मिस्त्री, सगळं छान आहे, पण मधल्या कड्या जरा डाव्या अंगाला आल्यात. हात उचलल्यावर बांगड्या एकीकडे घसरतात तशा.

तुम्ही नळी घेतली, स्वतः पाहिलं, पुन्हा पाहिलं. नळी तिथंच वाकलेली होती. "कोष्ट्याची पोर आहे हे खरं आहे," म्हणालात, आणि आतल्या घरात काकूंना चहा टाकायला सांगितलं.

पुढच्या शनिवारी मी बाबांकडून कोशाचा एक काळा रंगवलेला रेशमी धागा आणला, कारण तुमचा सुती धागा मधोमध सैल पडायचा. तो ताणून बांधताना तुम्ही हसत होतात. त्यानंतर मी रेंजवर कमी आणि तुमच्या खिडकीपाशी जास्त असायचे. लोक काही बोलले असतील तर बोलोत. बापाच्या वयाच्या माणसाशी मैत्री होऊ शकते हे गावाला कळायला वेळ लागतो.

तुम्ही शिकवलंत ते मी आजही झोपेत सांगू शकेन. नळीच्या तोंडाशी कापसाचा पुंजका फिरवायचा. तंतू अडकला तर तिथं धार राहिली आहे. मऊ शिशाची गोळी आत बसवून पितळी गजानं हळूहळू ढकलायची. हात सांगतो कुठं घट्ट आहे, कुठं ढिली. खोट सापडली की बाहेरून त्या जागी कानशीनं तांदळाएवढी खूण करायची. आणि पाहणी एकदा नाही, तीनदा. सकाळी थंड असताना. मग तासभर अंगणात खाटेवर उन्हात ठेवून दुपारी. मग सावलीत निवल्यावर संध्याकाळी. बाकीचे मिस्त्री एकदा पाहून मोकळे होत. मी विचारलं होतं, नळी तीच, डोळा तोच, मग तीनदा काय पाहायचं?

"थंड्यात सारेच सरळ असतेत, बाई. एखांदी नळी पडते, वाकते, कोणी दाबून सीधी करते अन् नवी म्हून इकते. सकाळी पाहाल तं मस्त. पण तापली का तिले आपलं जुनं वाकणं आठवते. सरळ असणं येगळं, सरळ केलेलं येगळं. दुपारची पाहणी खरी पाहणी."

त्या वाक्यावर मी शाळेत एक तास बोलले होते, तुम्हाला सांगितलं नाही एवढंच.

आपलं दुसरं भांडण मात्र कधी मिटलं नाही. मी म्हणायचे नेम माणसाचा असतो. तुम्ही म्हणायचे, "नेम नळीचा असते. माणूस फक्त आड येते." मी श्वास कसा धरायचा, घोड्यावर बोट कसं ठेवायचं हे तावातावानं सांगायचे. तुम्ही ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "हाव ना, तेच म्हणून राहिलो. इतकं सारं कराचं ते आड न येण्यासाठीच." मी तोवर चहा संपवून उठायचे. तुम्ही निघून गेलात ते जिंकूनच गेलात म्हणायचं.

आता ते लिहायला हवं.

तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता हे तीनच माणसांना माहीत होतं. तुम्ही, काकू आणि मी. तुम्ही नळी डोळ्याला लावायचे, मान हलवायचे, आणि मग सहज दिल्यासारखी माझ्याकडे द्यायचे. "तुमी पण पाहून घ्या एकडाव." मी काय दिसतं ते सांगायचे आणि तुम्ही "तेच म्हणतो मी" म्हणायचे. वर्षभर हे चाललं. कोणी कोणाला काही बोललं नाही. मला त्याचा अभिमान होता, मिस्त्री. तुमचे डोळे होण्याचा.

त्या वर्षी राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्यातून पहिल्यांदा एका बाईचं, माझं, नाव गेलं. क्लबच्या चांगल्या रायफलीची नळी झिजून गुळगुळीत झाली होती. ती घेऊन पुण्याच्या स्पर्धेला जाणं म्हणजे हसं करून घेणं. नवी नळी मागवली होती, ती येता येता एप्रिल उजाडला. दुसऱ्या दिवशी मला निघायचं होतं आणि त्या सकाळी ती आली. लाकडी पेटीत, तेलकट कागदात गुंडाळलेली, काळीभोर, नव्या तेलाचा वास असलेली. मी तुमच्या आधी तिला हात लावला.

सकाळची पाहणी सुरेख झाली. कड्या इतक्या जागच्या जागी की मला त्यांच्याकडे पाहत बसावंसं वाटलं. कापूस कुठं अडकला नाही. आपण नळी अंगणात खाटेवर ठेवली. काकूंनी आपल्याला भात-वरण वाढलं. तुम्ही त्या दिवशी फार बोलत होता. पुण्याहून येताना मला काय आणाल असं काकूंनी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, कागद आणतीन, भोकं पाडलेला, भितीले लावू. अंगणात ऊन असं पडलं होतं की खाटेची सुंभं पांढरी दिसत होती.

मग तुम्ही फडक्यात धरून नळी आणली. चटका बसण्याइतकी तापली होती. मी डोळा लावला.

कड्या सरकल्या होत्या. फार नाही. केसभर. मध्याच्या थोडं पुढं, उजवीकडे आणि वर. धाग्याची रेघ तिथं येऊन किंचित मुरडत होती आणि पुढं पुन्हा सरळ जात होती. एखादं माणूस काही बोलायला थांबावं आणि न बोलता पुढं जावं, तशी. मी नळी फिरवून पाहिली. मुरड नळीबरोबर फिरली. खिडकीचा दोष नव्हता, माझाही नव्हता.

"काय दिसते, बाई?"

तुम्ही चौकटीला हात लावून उभे होता. त्या डोळ्यांनी तुम्हाला माझा चेहराही धड दिसत नसणार. मला रेल्वेचं तिकीट आठवलं, शाळेच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं माझं नाव आठवलं, आणि बाबांनी अख्ख्या आळीला सांगून ठेवलं होतं ते आठवलं. नाही म्हटलं असतं तर दुसरी नळी यायला दोन महिने लागले असते. मला वाटलं, केसभर तर आहे. पन्नास मीटरवर केसभराचं काय होतं?

"सरळ आहे," मी म्हणाले.

"बरोबर पाहिलं?"

"हो, मिस्त्री. अगदी सरळ."

संध्याकाळच्या पाहणीला मी थांबलेच नाही. गाडीचं निमित्त केलं. दुसऱ्या दिवशी रायफल बांधून तयार मिळाली, सकाळच्या गारव्यात मी दहा गोळ्या मारून पाहिल्या, दहाही एका रुपयाच्या नाण्यात मावतील अशा. मी स्वतःला म्हटलं, बघ, उगाच घाबरत होतीस.

पुण्यात सहा फेऱ्या होत्या, दहा-दहा गोळ्यांच्या. तीन झाल्या तेव्हा लोक माझ्यामागं येऊन उभे राहिले होते. चौथीपासून नळी तापली. गोळ्या उजवीकडे आणि वर निघाल्या. केसभराचं काय होतं ते मी दुर्बिणीतून पाहत होते. नेम धरायची दर्शनी फिरवून जुळवून घेतली की त्या आणखी सरकत. पडल्या पडल्या मी रडत नव्हते एवढंच. नळीला जे आठवलं होतं ते मला आदल्या दिवसापासून माहीत होतं.

परत आल्यावर क्लबची बैठक झाली. रायफल खोलली, नळी नागपूरला तपासायला गेली, ती मुळात वाकलेली आणि दाबून सरळ केलेली आहे असं लिहून आलं. कोणीतरी विचारलं, मग मिस्त्रींनी पास कशी केली? तुम्ही दाराजवळच्या खुर्चीवर बसला होतात, टोपी गुडघ्यावर. माझ्याकडे पाहिलं नाहीत. उठून म्हणालात, "मोतीबिंदू उतरला आहे साहेब. मले दिसत नाही बरोबर. चूक माही आहे."

मी तिसऱ्या रांगेत होते. मला फक्त उभं राहायचं होतं. शाळेत रोज दोनशे पोरांपुढं उभी राहते मी, शिट्टी न वाजवता मैदान गप्प करते. त्या दिवशी खुर्चीला चिकटून बसले. क्लबचं काम तुमच्याकडून गेलं. पुढं शेतकरीही बंदुका नागपूरला नेऊ लागले. मिस्त्रीचे डोळे गेले, एवढं एक वाक्य तालुक्याच्या बाजारापर्यंत पोचलं. तुम्ही स्टोव्ह, कुलपं, शिलाई मशिनी दुरुस्त करू लागलात. नंतर डोळ्यांचं ऑपरेशन झालं, जाड भिंगाचा चष्मा आला, दिसायला लागलं, पण नळी म्हणून तुम्ही पुन्हा हातात घेतली नाहीत. मी किती वेळा आणून पाहिली. "नाही बाई," म्हणायचे, "माहा भरवसा नाही आता."

मी समजत होते तुम्ही डोळ्यांविषयी बोलताय.

ती नळी क्लबनं तुम्हाला परत केली, रद्दी म्हणून. तुम्ही तिचे तुकडे केले आणि मधल्या हातभर तुकड्याची काकूंना चुलीसाठी फुंकणी करून दिली. दहा वर्षं मी तुमच्याकडे चहा प्याले तो त्याच फुंकणीनं फुललेल्या चुलीवरचा. काकू ती तोंडाला लावायच्या आणि मी खिडकीकडे बघायचे. दर वेळी ठरवून यायचे, आज सांगायचं. तुम्ही पेपरातलं काही वाचून दाखवायचे, कोणाच्या घरावर टीव्हीचा अँटेना लागला ते सांगायचे, नेमाचं जुनं भांडण उकरून काढायचे, आणि माझी गाडीची वेळ व्हायची. तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत आले. हे काही फार मोठेपणाचं सांगणं नाही.

तेरवीच्या दिवशी पंगती उठल्यावर काकू मागच्या चुलीपाशी एकट्या बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसले. त्यांनी फुंकणी खाली ठेवली तेव्हा मला तिच्यावर ती दिसली. कानशीची खूण, तांदळाएवढी. इतक्या वर्षांत मी त्या वस्तूकडे नीट पाहिलंच नव्हतं.

"काकू, ही खूण त्यांनी कधी केली? नागपूरहून परत आल्यावर?"

"नाही वं बाई. तुमी पुण्याले जाच्या आंदल्या दिवशी. तुमी गाडीले गेल्या, अन् हे बसले शिशाची गोळी अन् गज घेऊन. ढकले, परत काढे, परत ढकले. म्हणे, इथं हाताले अटकून राहिलं, इथं दाबेल आहे. अन् खालच्या अंगाले खूण केली, बसवल्यावर लाकडाखाली गेली ते."

"मग बसवली कशाला?"

"म्या बी तेच म्हटलं. काहून बसवून राहिले मंग? तं म्हणे, बाईनं पाहिलं आहे. बाईचे डोळे चांगले आहेत, सरळ म्हणते तं सरळ असन. माहा हातच चुकत असन आता, म्हातारा झालो. दिवस मावळाच्या आत बसवून देली."

मिस्त्री, मी तुमचे डोळे नेले असं समजत होते. ते तर तुमचे आधीच जात होते, आणि नंतर परतही आले. मी तुमचा हात नेला. चाळीस वर्षं ज्यानं तुम्हाला कधी फसवलं नाही, त्याच्यापेक्षा तुम्ही माझ्या एका शब्दावर जास्त विश्वास टाकलात. आणि नागपूरचा कागद आला, तुमचा हात खरा ठरला, तेव्हा तुम्हाला कळलंच असणार की एक तर बाईचे डोळे चुकले किंवा बाई खोटं बोलली. बैठकीत तुम्ही दोन्ही स्वतःवर घेतलंत. पुढचा चहा तुम्ही मला नेहमीसारखाच दिलात, साखर कमी.

मी फुंकणी उचलली. चुलीजवळ राहून गरम झाली होती. फडक्यात धरून पुढच्या खोलीत आले. खिडकीत कोशाचा धागा होता तसाच होता, थोडा भुरका पडलेला. दुपारच होती. राख झटकून मी तिला डोळा लावला. आत सगळं काळवंडलं आहे, पीळ जेमतेम दिसतात, कड्या विझलेल्या. पण उजेड येतो अजून. आणि धाग्याची रेघ येते, खुणेपाशी थांबते, किंचित मुरडते आणि पुढं जाते.

"इथं मुरडते आहे, मिस्त्री," मी म्हणाले. "तुमच्या खुणेपाशीच. तुमचा हात बरोबर होता."

काकू दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. माझ्या हातातून फुंकणी घेतली, पदरानं पुसली.

"मले सांगून काय करता, बाई," त्या म्हणाल्या. "ज्याईनं त्याईचं काम काढून घेतलं, त्याईले सांगा."

रविवारी दहा वाजता सभा आहे. तीच माणसं असतील, बरीचशी. सेक्रेटरींनी बैठकीसारख्याच खुर्च्या मांडायला सांगितल्या आहेत. या वेळी मी तिसऱ्या रांगेत बसणार नाही. फुंकणी काकूंकडून मागून घेतली आहे आणि रेंजवरच्या टेबलावर उन्हात ठेवणार आहे. समोर कोशाचा धागा ताणून बांधीन, आणि हे वाचून होईपर्यंत ती तापेल. मग ज्याला ज्याला पाहायचं आहे त्यानं पाहावं.